मरोळच्या शिक्षकांनो, दुबईला शिकवायला जायचंय?

आधी कागदपत्रांना हात घाला. भारत 2005 साली हेग अपोस्टिल करारात आला, पण संयुक्त अरब अमिरातीत नुसतं अपोस्टिल चालत नाही. बी.एड. आणि पदवीवर आधी राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का लागतो आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. याला आठवडे जातात, म्हणून नोकरी मिळण्याआधीच सुरुवात केलेली बरी. राज्याच्या शिक्क्यासाठी मंत्रालयात जायची वेळ आली तर मरोळ नाक्यावरून मेट्रो 3 थेट विधान भवनाला सोडते, हे आपलं भाग्यच! पोलीस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट सेवेच्या साइटवर अर्ज करायचा.

तिथल्या सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश आणि आयबी शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्यामुळे अर्जांचे हंगामही वेगळे.

आणि करारपत्रात एकूण पगारावर भाळू नका, मूळ पगार बघा! वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटी त्याच्यावरच मिळते: पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार. पगारावर तिथे आयकर नाही, पण घरभाडं जबर आहे. घर शाळा देणार की भत्ता, हे लेखीच घ्या.