दोन सरोवरांमधली कातळधार : बेसेग्गेनच्या वाटेची आखणी

नॉर्वेच्या दक्षिण भागातील योतुनहाइमेन हा पर्वतप्रदेश १९८० सालापासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला असून, त्याच्या पूर्वेकडील भागात येंडे आणि बेसवात्ने या दोन सरोवरांच्या मधून बेसेग्गेन ही धार वर चढत जाते. धार म्हणजे दोन्ही अंगांनी उतार तुटलेला असा डोंगराचा अरुंद माथा. परंतु येथील विशेष असा, की धारेच्या दोन बाजूंची पाणी एका पातळीत नाहीत. येंडे समुद्रसपाटीपासून ९८४ मीटरांवर आहे, तर बेसवात्ने १,३७३ मीटरांवर. मधला कातळाचा बांध जेथे सर्वांत खाली येतो, त्या बांडे नावाच्या जागी उभे राहिले की एका हाताला वरचे सरोवर जवळजवळ पावलांना लागते आणि दुसऱ्या हाताला खालचे सरोवर खोल दरीत दिसते. दोहोंचे रंगही निराळे. हिमनदी सरकताना खालचा खडक घासला जाऊन जी अतिशय बारीक पूड तयार होते, ती ओढ्यांबरोबर येंडेत येऊन तरंगत राहते व प्रकाश विखुरते, म्हणून ते पाणी दुधाळ हिरवे दिसते. बेसवात्ने मात्र गडद निळे. एका बांधाने अशी वेगळी राखलेली ही दोन्ही पाणी पुढे एकाच शोआ नदीला मिळतात, हे नकाशा पाहिल्याशिवाय कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या वाटेवरील सर्वोच्च जागा, वेस्लेफ्येले, १,७४३ मीटर उंच आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा जेमतेम शंभर मीटरांनी अधिक. तथापि उंचीच्या आकड्यावरून अवघडपणाचा अंदाज बांधणे येथे फसवे ठरते, कारण हा प्रदेश उत्तरेकडे ६१ अंशांपलीकडे असल्यामुळे एवढ्या उंचीवर झाड उगवत नाही, बर्फाचे पट्टे जूनमध्येही सावलीच्या बाजूला टिकून राहतात आणि चालण्याचा हंगाम साधारणपणे जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंतच असतो. हेन्रिक इब्सेनच्या ‘पेअर गिंट’ या १८६७ च्या नाटकात नायक रेनडिअरवर बसून येंडेजवळची धार ओलांडल्याची थाप आपल्या आईला मारतो. त्या वर्णनाने धारेची कीर्ती वाढली, आणि भीतीही गरजेपेक्षा जास्त वाढली.

आखणीतील मुख्य प्रश्न दिशेचा आहे, आणि नवखे लोक नेमका तोच शेवटी विचारात घेतात. सुमारे १४ किलोमीटरांची ही वाट येंडेच्या पूर्व टोकावरील येंडेसहाइम आणि त्याच सरोवराच्या उत्तर काठावरील मेमुरुबू या दोन मुक्कामांना जोडते, व त्यांच्यामध्ये उन्हाळ्यात प्रवासी बोट चालते. सकाळच्या बोटीने मेमुरुबूला उतरून येंडेसहाइमकडे चालत परतण्याचे दोन फायदे आहेत. एक तर धारेचा सर्वांत तीव्र टप्पा चढताना लागतो, आणि खडकावर हात टेकवून चढणे हे खाली दरी पाहत उतरण्यापेक्षा केव्हाही सोपे व सुरक्षित असते. दुसरे असे, की बोट आधीच वापरून झालेली असल्याने दिवसाअखेर घड्याळाशी शर्यत उरत नाही. उलट दिशेने चालणाऱ्याला मेमुरुबूची शेवटची बोट चुकली, तर तेथेच मुक्काम शोधावा लागतो किंवा दमलेल्या पायांनी सरोवराच्या काठाकाठाने परतावे लागते. सकाळच्या बोटींना गर्दी असल्यामुळे तिकीट आधी काढून ठेवणे श्रेयस्कर.

विश्रांती धरून सहा ते आठ तासांचा हा दिवस सारखा वाटून जात नाही. मेमुरुबूहून निघताच अंगावर येणारी चढण लागते, मग वाट चढउतार करीत बांडेपर्यंत खाली येते, आणि खरी धार तेथून पुढे, म्हणजे अर्धी ताकद खर्च झाल्यावर, सुरू होते. दोराची गरज नसली, तरी पायऱ्यांसारख्या तुटलेल्या कातळावर काही ठिकाणी हातांचा आधार घ्यावाच लागतो, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठपिशवी हवी आणि चालण्याच्या काठ्या येथे दुमडून ठेवाव्यात. पुढे धारेवर व वरच्या दगडाळ पठारावर पाण्याची खात्री नसल्याने बाटल्या बांडेजवळ बेसवात्नेच्या काठावर भरून घ्याव्यात. न्याहारीही येथेच करावी, कारण परत फिरायचे असेल, तर तो निर्णयही याच जागी घ्यावा लागतो. नॉर्वेत पर्वतात जाणाऱ्यांसाठी नऊ नियमांची एक संहिता सर्वत्र प्रचलित असून, वेळेत माघार घेण्यात कमीपणा नाही हे तिच्यात स्पष्ट सांगितलेले आहे. ज्या समाजात पर्वत हा रोजच्या जगण्याचा भाग आहे, त्याने हा नियम लिहून ठेवावा, याचा अर्थ मोह तिथल्या माणसांनाही पडतो.

माघारीचे कारण बहुधा वारा असतो. मोकळ्या प्रदेशावरून येणारी हवा डोंगराचा माथा ओलांडताना आवळली जाते व तिचा वेग वाढतो, त्यामुळे सरोवराकाठी साधी झुळूक वाटणारा वारा धारेवर माणसाचा तोल घालवू शकतो. शिवाय दर हजार मीटर चढाईला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे येंडेपेक्षा माथ्यावर पाच अंशांचा फरक नुसत्या उंचीमुळेच पडतो, आणि वाऱ्याने अंगाला जाणवणारी थंडी त्याहून अधिक. सह्याद्रीत ऊन व पाणी यांचा हिशेब मांडण्याची सवय असलेल्या मराठी भटक्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे: सुती कपडा भिजल्यावर अंगाची ऊब शोषून घेतो, तेव्हा आतून लोकरीचा थर आणि बाहेरून वारा अडवणारे जाकीट हे भर जुलैतही पिशवीत असलेच पाहिजे. वाटेवरील दगडांच्या राशींवर लाल रंगात रोमन लिपीतील ‘टी’ अक्षर रंगवलेले असते, मात्र धुके उतरल्यावर एका खुणेवरून दुसरी दिसेलच असे नाही, त्यामुळे कागदी नकाशा व होकायंत्र बाळगणे अनाठायी ठरत नाही.

वेस्लेफ्येलेला पोहोचल्यावर काम संपले असे वाटते, पण तेथून येंडेसहाइमपर्यंत सुमारे साडेसातशे मीटर उतरायचे असते, आणि शेवटची उतरण खडकाळ व पावसात निसरडी असते. सप्टेंबरच्या मध्यात सूर्य संध्याकाळी आठच्या आत मावळतो, म्हणून या उतरणीसाठी दोन तास राखून ठेवावेत, आणि खालून बस गाठायची असेल तर त्यात आणखी एक तास मिळवावा.