घरचं वर्कशॉप (भाग 6) : जुना बँडसॉ – आधी चाकं, मग मोटर

मागच्या भागात जुना बँडसॉ कसा पारखायचा ते पाहिलं. त्यातली एक गोष्ट पुन्हा सांगतो, कारण ती राहून गेली तर बाकी मेहनत वाया जाईल. विजेवर लाकूड कापणाऱ्या यंत्रावर वन विभागाची नजर असते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या आदेशापासून नव्या आरागिरणीचा परवाना सहजासहजी मिळत नाही. तुमचा घरगुती बँडसॉ या नियमांत येतो का, हे पैसे देण्याआधी तुमच्या भागातल्या वन कार्यालयात लेखी विचारा.

आता मशीन अंगणात आलं आहे असं धरू. बिडाचा सांगाडा, 18 इंची दोन चाकं, गंजलेलं टेबल. बहुतेकांचा हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो, नाहीतर मोटरीकडे. दोन्ही बाजूला ठेवा. पहिला खर्च आणि पहिला वेळ चाकांवर जायला हवा.

पातं आणि पट्टा काढून चाक हातानं फिरवा. थांबताना दरवेळी तीच बाजू खाली येत असेल, तर चाकाचा तोल गेला आहे. खरखर ऐकू आली तर बेअरिंग बदला. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. मशीनची कंपनी बंद पडली असली तरी त्या नंबरची बेअरिंग बाजारात मिळते. मग दोन्ही चाकांच्या कडांवर सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी धरून ती एका रेषेत आहेत का ते बघा.

चाकावरच्या रबराला मध्यभागी किंचित उंचवटा असतो. ताणलेलं पातं आपोआप त्या उंचवट्याकडे सरकतं आणि तिथेच टिकतं. रबर झिजून सपाट झालं की पातं पुढेमागे भटकू लागतं. मग लोक गाईड आवळत बसतात, आणि पातं घासून तापतं. दोष रबराचा असतो, शिक्षा गाईडला होते.

पातं का तुटतं, हे समजून घेण्यासारखं आहे. बँडसॉची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी मांडली होती, पण जोडावर टिकणारं पातं कुणाला करता येत नव्हतं. ते कोडं सुटायला 1846 उजाडावं लागलं. फ्रान्समधल्या अ‍ॅन पॉलीन क्रेपाँ यांनी जोडाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पॅरिसच्या पेरँ कंपनीनं ते विकत घेऊन पुढे नेलं. अडचण मात्र आजही तीच आहे. साडेतीन मीटरचं पातं मिनिटाला अडीचशे वेळा फिरतं आणि प्रत्येक फेरीत दोनदा वाकून सरळ होतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे. म्हणून जाडीचा एक जुना नियम पाळा : चाकाच्या व्यासाचा हजारावा भाग. 18 इंची चाकाला साधारण 0.45 मिलिमीटर. आरामशीनचं जाड पातं स्वस्तात मिळालं म्हणून कापून, जोडून इथे चढवू नका. दात्यांच्या खाचेत तडा जाईल.

आता मोटर. 1440 फेऱ्यांच्या मोटरवर 3 इंची आणि चाकाच्या शाफ्टवर 7 इंची पुली बसवली, तर चाक मिनिटाला सुमारे 617 फेरे घेतं आणि पातं 890 मीटर धावतं. लाकडाला हा वेग छान आहे. लोखंडाला फार जास्त, त्यामुळे या मशीनवर लोखंड कापायचं नाही. जुनी मोटर थ्री फेज असेल आणि घरी सिंगल फेज, तर दोन वाटा आहेत. सिंगल फेजची नवी मोटर घ्या, किंवा जुनीच ठेवून व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा ड्राइव्ह) लावा. दुसऱ्या वाटेसाठी वाइंडिंगची सहाही टोकं बाहेर हवीत. 415 व्होल्टची स्टार मोटर डेल्टात जोडली की 240 वर चालते. हे काम वाइंडिंगवाल्याकडूनच करून घ्या. अर्थिंग हवंच.

सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते स्टार्टरबद्दल. आपल्याकडे शेतीपंपाला ‘ऑटो’ बसवतात : रात्री लाइट आली की पंप आपोआप सुरू, शेतात जायला नको. महावितरण ते काढा म्हणून सांगत असतं, तरी सवय मोडत नाही. बँडसॉला ऑटो कधीही लावू नका, आणि नुसतं बटणही नको. लाइट गेली, तुम्ही अडकलेली फळी काढायला हात घातला आणि लाइट परत आली, तर काय होईल? नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लाइट गेली की सुटतो आणि हिरवं बटण दाबेपर्यंत पुन्हा लागत नाही. रंगाचे पैसे वाचवा, पण हा स्टार्टर आणि दोन्ही चाकांची झाकणं नक्की घ्या. जुन्या मशीनची झाकणं बहुतेकदा हरवलेलीच असतात. पत्र्याची नवी करून घ्या.

जोडणी झाली की पातं ताणून चाक आधी हातानंच फिरवा. ते उंचवट्यावर स्थिर राहिलं की मग गाईड लावा : बाजूची जेमतेम कागदाच्या जाडीएवढी लांब, पाठीमागची बेअरिंग अर्धा मिलिमीटर मागे. झाकणं बंद करा, बाजूला उभं राहा, पाच मिनिटं मोकळं चालवा. मग मेन स्विच बंद करून, चाकं पूर्ण थांबल्यावर बेअरिंगच्या घराला हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर बेअरिंग वाकडी बसली आहे किंवा पट्टा जास्त ताणला आहे.

पुढच्या आठवड्यात दात्यांची निवड : सागाला कोणते, बाभळीला कोणते.