झडपेवरची गाठ: कॅन्सर नाही, मग ऑपरेशन कशाला?

मघाशी आपण मिक्सोमा पाहिला. तो सहसा हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात असतो. झडपांवर मात्र जास्त करून सापडते ती पॅपिलरी फायब्रोइलॅस्टोमा ही गाठ. नाव अवघड, पण गाठ छोटी, बहुतेकदा एक-दीड सेंटिमीटरची. बाहेर काढल्यावर ती जेलीच्या थेंबासारखी दिसते. पाण्यात सोडा, लगेच समुद्रफुलासारखी उमलते. देठ एक आणि झुपके असंख्य.

आता गंमत बघा. ही गाठ पसरत नाही, झडप कुरतडत नाही. पण महाधमनीच्या झडपेवर बसून ती दर ठोक्याला हलते. झुपक्याचा तुकडा किंवा त्यावर जमलेली गुठळी सुटली, तर थेट मेंदूकडे जाऊ शकते. एखाद्याचा हात दहा मिनिटं लुळा पडतो, परत ठीक होतो. मेंदूच्या, मानेच्या तपासण्यांत काही मिळत नाही. अशा वेळी इको करायलाच हवी. छातीवरून नीट दिसलं नाही तर अन्ननलिकेतून, कारण ती हृदयाच्या अगदी मागून जाते.

पण इकोत दिसलेला ठिपका जंतुसंसर्गाचाही असू शकतो. म्हणून ताप विचारायचा, रक्ताचं कल्चर करायचं. संसर्गात झडप बहुधा खराब होऊन गळू लागते; या गाठीत ती बहुतेकदा छान काम करत असते. पक्कं निदान मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच.

तुमच्यापैकी कुणीतरी विचारलंय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी विरघळेल का? नाही. ती गुठळी नव्हे. गोळ्या फार तर तिच्यावर नवी गुठळी जमू देणार नाहीत.

ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीनवर घेऊन महाधमनी उघडतात आणि गाठ देठासकट तासून काढतात. गाठ ठिसूळ, म्हणून धमनीला चिमटा लागेपर्यंत हृदयाला उगाच हात लावायचा नाही. झडप बहुतेक वेळा वाचते. भोक पडलंच तर हृदयाच्या आवरणाचं ठिगळ लावतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण यांत्रिक झडप बसली की रक्त पातळ करणारी गोळी जन्मभराची.

त्रास काहीच नसेल तर? डावीकडची, हलणारी गाठ आणि तब्येत धडधाकट असेल, तर मी काढायलाच सांगेन. उजवीकडची छोटी, न हलणारी असेल, तर ठरावीक काळाने इको करत थांबता येतं.