अस्वलाचा ईदचा कुर्ता

रमजानचे पंधरा रोजे सरले की साकीनाक्याच्या गल्ल्यांतली शिलाई मशीन रात्री उशिरापर्यंत थांबत नाहीत. खैरानी रोड, जरीमरीच्या बाजूला दाटीवाटीने लहान लहान कारखाने आहेत. तरावीहची नमाज उरकून कारागीर पुन्हा कामाला बसतात, कारण चाँदरातीपूर्वी ऑर्डर हातावेगळी झालीच पाहिजे. या धांदलीत सर्वांत शेवटी कपडे होतात ते शिवणाऱ्याच्या स्वतःच्या मुलांचे. आणि ते अंगाला लावून पाहताना घरातले लहानगे विचारते, “माझ्या भालूला काय?”

हा प्रश्न हसून उडवून देण्यासारखा नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलावर रोजा फर्ज नसतो. फित्रा त्याच्या वतीने वडील देतात, शिरखुर्मा आई करते. ईदच्या तयारीत त्याच्या वाट्याला फक्त घेणे येते. भालूसाठी कपडा मागताना ते पहिल्यांदाच दुसऱ्याचा विचार करत असते.

काही घरांत मात्र शंका निघते : मूर्ती-चित्रांबाबत इतका काटेकोर असलेला धर्म बाहुल्यांना परवानगी देतो का? उत्तर हदीसमध्ये आहे. हजरत आयेशा (र.) यांच्या बाहुल्यांमध्ये एक घोडा होता आणि त्याला चिंध्यांचे पंख लावलेले होते. पैगंबर साहेबांनी (स.) विचारले, घोड्याला पंख कसे? हजरत सुलैमान यांच्या घोड्यांना पंख होते ना, असा प्रतिप्रश्न आला आणि पैगंबर साहेब मनमोकळे हसले. ‘अबू दाऊद’ या हदीस-संग्रहात हा प्रसंग आहे. बहुसंख्य फिक्हकारांनी मुलांच्या खेळण्यांना सूट दिली ती अशाच हदीसींच्या आधाराने.

उपवास आणि खेळणे यांचे नातेही जुने आहे. मदिनेत आशुऱ्याचा रोजा लहान मुलांनाही धरायला लावत. मूल भुकेने रडू लागले की इफ्तारपर्यंत त्याचे मन रमावे म्हणून त्याच्या हाती लोकरीचे खेळणे देत, असे रुबय्यि बिन्ते मुअव्विज (र.) सांगतात. ही हदीस ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या दोन्ही संग्रहांत आहे. मराठी घरांना यात परके वाटावे असे काही नाही. चिंध्यांची बाहुली, तिचे थाटामाटाचे लग्न, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचा इवलासा अंगरखा हे सारे उरलेल्या कापडातूनच होत आले आहे.

मऊ खेळण्यांचा कारखानदारी इतिहासही एका शिवणाऱ्या बाईपासूनच सुरू होतो. जर्मनीतील मार्गारेट श्टाइफ यांचे पाय लहानपणीच पोलिओने गेले होते. 1880 मध्ये त्यांनी टाचण्या खोचण्यासाठी नमद्याचा छोटा हत्ती शिवला. मुलांनी तो खेळायला पळवला आणि त्यातून पुढे जगप्रसिद्ध कंपनी उभी राहिली.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. अस्वलाला मान जवळजवळ नसते, पोट गोल असते आणि डोके धडाहून मोठे. त्यामुळे माणसाच्या कुर्त्याचे माप त्याला चालत नाही. माप पोटावरून घ्यावे आणि दोन बोटे सैल ठेवावे. डोक्यातून कुर्ता जाणार नाही, म्हणून पाठ वरपासून खालपर्यंत उघडी ठेवून तिथे चिकटपट्टी लावावी. टिचबटण लहान मुलाच्या हाताने निघू शकते, तेव्हा चिकटपट्टीच बरी.

आधी वर्तमानपत्रावर बेतावे. अंग आणि बाह्या एकाच तुकड्यात, इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या. कापडाची चौघडी करून कापले की खांद्याची शिलाई वाचते. शिलाईसाठी कडेला एक सेंटिमीटर सोडावा. त्याहून कमी सोडले तर धागे सुटून शिवण उसवते. मशीन नसेल तर हाताने बखिया घालावा, पण टाके बारीक हवेत. सुलटवण्यापूर्वी काखेत कात्रीने हलकी चीर द्यावी, म्हणजे बाही ओढली जात नाही. पायजम्याच्या मागच्या शिवणीत शेपटीपुरती जागा सोडायला विसरू नये; मुले ती आधी तपासतात! टोपीला एक गोल आणि एक पट्टी पुरते.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर मणी, टिकल्या, बटणे अजिबात नकोत. ती सुटली की थेट तोंडात जातात.

कापड विकत आणायची गरज नाही. कारखान्यात बेतल्यानंतर उरलेली कात्रणे गोण्यांत भरून जातात. होजिअरीचा तुकडा मिळाला तर उत्तम, त्याचे धागे सुटत नाहीत. आणि मुलाच्या कुर्त्यातूनच वितभर कापड उरले, तर त्याहून चांगले काही नाही.

साकीनाक्याचे अनेक कारागीर उत्तर प्रदेश-बिहारातून आलेले. वर्षभर ते दुसऱ्यांच्या मुलांचे कपडे शिवतात आणि ईदला जमेल तसे गावी जातात. सामानात विकतचे खेळणे असतेच. त्याच्या अंगावर बापाच्या हातचा कुर्ताही चढवता येतो. त्यासाठी लागतो जेमतेम अर्धा तास, तोही सहरीपूर्वीचा. बाप वर्षभर दूर राहून नेमके काय करतो, हे मुलाला त्या एका कुर्त्यातून कळते.