भारवहन, व्यायाम आणि मन्याशूल : निदान व चिकित्सेचा विचार

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत गेल्या काही वर्षांत व्यायामशाळांची संख्या वाढली आहे. पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण पहाटे धावतात, गोळा फेकतात आणि सायंकाळी लोखंडी वजने उचलतात. परिणामी ‘मान धरली’, ‘खांद्यातून कळ हातात उतरते’ अशा तक्रारी घेऊन येणारे विशी-पंचविशीतील रुग्ण आम्हांस वारंवार दिसू लागले आहेत. पूर्वी मन्याशूल म्हटला की पन्नाशीपुढील रुग्ण डोळ्यांपुढे येई. आता हेतू बदलला आहे, म्हणून चिकित्सेचा विचारही हेतूपासूनच व्हावयास हवा. रुग्णास केवळ तेल व गुग्गुळकल्प देऊन परत पाठविले, तर आठ दिवसांनी तो तेच वजन त्याच पद्धतीने उचलतो आणि पुन्हा आपल्या दारी येतो.

हेतू

सुश्रुताचार्यांनी मन्यास्तंभाच्या हेतूंत दिवास्वाप, विषम आसन-शयन आणि वर टक लावून पाहणे यांचा समावेश केला असून, श्लेष्म्याने आवृत झालेला वायू हा विकार उत्पन्न करतो असे म्हटले आहे. चरकाचार्यांनी क्षतक्षीणाच्या हेतूंत गुरू भार वाहणे स्पष्टपणे सांगितले आहे. हे दोन्ही धागे व्यायामशाळेत एकत्र येतात. वजन जमिनीवरून उचलताना मान मागे टाकून समोरच्या आरशात पाहणे हे ऊर्ध्वनिरीक्षणच होय. बैठका मारताना लोखंडी दांडा खांद्याच्या मांसल भागावर न ठेवता मानेच्या तळाशी उठून दिसणाऱ्या मणक्यावर ठेवणे, दांडा डोक्यामागे उतरविणे, बाकावर उताणे पडून वजन ढकलताना डोके बाकावर दाबणे, पोटाचे व्यायाम करताना हातांनी मान ओढणे, या सर्व सवयींनी मानेवर ताण पडतो. भरतीतील पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा असतो. तो जबड्याखाली मानेला टेकवून धरावा लागतो आणि फेकताना धड वेगाने वळते. पुरेशी पूर्वतयारी नसताना असे वारंवार केल्यास एकाच बाजूची मान व खांदा दुखू लागतो.

केवळ तरुणांचाच प्रश्न नव्हे

वजन उचलणारे केवळ व्यायामशाळेतच असतात असे नाही. तानसा (१८९२) आणि भातसा ही मुंबईस पाणी पुरविणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. तरीही याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचे दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढणारी स्त्री भांड्यांचे वजन सोडूनही तीस किलो भार मानेच्या मणक्यांवर तोलत असते. भाताचे भारे व लाकडाच्या मोळ्या यांचे ओझे निराळेच. तरुणास आपण ‘व्यायाम थांबव’ असे सांगू शकतो, या भगिनीस ‘पाणी आणू नको’ असे सांगता येत नाही. म्हणून तिला सांगावयाचा उपाय तिच्या हाती असलेला हवा : चुंबळ जाड व सपाट घ्यावी, एका खेपेत एकच हंडा आणावा, हंडा चढविताना व उतरविताना दुसऱ्या बाईची मदत घ्यावी, आणि डोक्यावर भार असताना मान वळवून मागे पाहू नये, सबंध शरीर वळवावे. हंडा चढविताना व उतरविताना बसणारा झटका पुष्कळदा चालण्यापेक्षाही अधिक बाधतो.

परीक्षण : आधी धोका ओळखावा

ग्रीवाप्रदेशी कृकाटिका, नीला, मन्या, मातृका ही मर्मे आहेत, तर बाहूमूर्धा व ग्रीवा यांच्यामध्ये अंस मर्म आहे. अंस मर्माच्या विद्धतेने स्तब्धबाहुता येते असे शास्त्र सांगते. मानेच्या दुखण्यात हात तपासलाच पाहिजे, याचा हा शास्त्रीय आधार होय. बहुसंख्य रुग्णांत दुखणे स्नायूंपुरतेच असते आणि काही दिवसांत ते उतरू लागते. परंतु पुढील लक्षणे दिसल्यास अभ्यंग-स्वेदन बाजूस ठेवून रुग्णास त्वरित तज्ज्ञांकडे व आवश्यकतेनुसार एम.आर.आय. तपासणीसाठी पाठवावे :

१. हाताची पकड सैल होणे, सदऱ्याची बटणे लावता न येणे, हाताची शक्ती वाढत्या प्रमाणात कमी होणे.
२. चालताना तोल जाणे, पाय जड होणे, मलमूत्रवेगांवरील ताबा सुटणे.
३. वजन अंगावर पडून किंवा अन्य आघाताने दुखणे सुरू होणे.
४. पूर्वी कधी न झालेली अशी अकस्मात तीव्र वेदना मानेत वा डोक्यात होऊन सोबत भ्रम, द्विधा दृष्टी वा बोलण्यात अडखळणे.
५. ज्वरासह मान ताठणे.
६. श्रमाबरोबर मान, जबडा, डावा खांदा दुखणे व घाम सुटणे. हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते.

येथे आणखी एका प्रथेविषयी सांगणे अवश्य आहे. केशकर्तनालयात मस्तकमर्दनानंतर मान झटक्याने वळवून ‘कडकड’ वाजविण्याची रीत सर्वत्र आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांस अशा झटक्याने क्वचित इजा होऊन पक्षाघातही होऊ शकतो. मान आधीच दुखत असेल तर हा प्रकार टाळण्याविषयी प्रत्येक रुग्णास बजावावे, व वैद्यांनी स्वतःही तसे करू नये.

चिकित्साक्रम

मन्यास्तंभात सुश्रुताचार्यांनी वातश्लेष्महर नस्य व रूक्ष स्वेद विशेषत्वाने सांगितले आहेत. आरंभीच भरपूर तेल चोळण्याची आपली सवय येथे तपासून पाहण्याजोगी आहे. ताठरपणा व जडपणा अधिक असताना प्रथम वालुका पोटलीने कोरडा शेक द्यावा. आपल्या भागात ओढ्याकाठी विपुल मिळणाऱ्या निर्गुडीच्या पानांची पोटलीही उपयुक्त आहे. जडपणा उतरून रूक्षता व शूल उरला म्हणजे हलका अभ्यंग करावा, ग्रीवाबस्तीचाही विचार करावा. आघात नुकताच झाला असून शोथ व दाह असल्यास स्वेदन करू नये. मर्दन जोराने तर कोणत्याही अवस्थेत करू नये.

मानेचा पट्टा दीर्घकाळ बांधून ठेवल्यास स्नायू दुर्बल होतात. तसेच पूर्ण शय्याविश्रांतीही हितकर नाही. दुखविणारी क्रिया थांबवावी, परंतु चालणे व सहन होईल इतकी मानेची हालचाल चालू ठेवावी.

पुन्हा वजनाकडे

बल परत आणल्यावाचून ही चिकित्सा पूर्ण होत नाही. वेदना सौम्य झाल्यावर तळहात कपाळास लावून डोक्याने त्यावर हलका दाब द्यावा व मान मुळीच हलू देऊ नये. पाच-सहा सेकंद धरून सोडावे, असे दहा वेळा करावे. याच रीतीने मागील व दोन्ही बाजूंचे स्नायू बळकट करावेत. हनुवटी सरळ मागे घेणे आणि दोन्ही खांद्यांची पाती एकमेकींजवळ आणणे हेही नित्य करवावे.

मान सर्व दिशांना वेदनेविना वळू लागल्यावरच वजनास प्रारंभ करावा. व्यायाम अर्धशक्तीने करावा, ही शास्त्राज्ञा येथे फार उपयोगी पडते. व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखापर्यंत येणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे, हे सुश्रुतांनी सांगितलेले अर्धशक्तीचे लक्षण आहे. व्यवहारात आम्ही पूर्वीच्या वजनाच्या निम्म्याने आरंभ करवितो. दुसऱ्या दिवशी सकाळी मान आखडली नसेल तरच पुढे थोडी वाढ, आखडली तर एक पायरी खाली, इतका सोपा नियम तरुणांच्या लक्षात राहतो. अष्टांगहृदयात अर्धशक्ती व्यायाम शीतकाली व वसंतात, तर अन्य ऋतूंत त्याहून कमी सांगितला आहे. वैशाखाच्या उन्हात सराव करणाऱ्या उमेदवारांस हे आवर्जून सांगावे.

औषधविक्रेत्यांस विनंती

वेदनाशामक गोळी घेऊन व्यायामशाळेत जाणारा तरुण शरीराची सूचनाच बंद करून वजन उचलतो. तीच गोळी मागण्यासाठी तो पुन्हा दुकानात आला, तर त्यास वैद्याकडे पाठवावे. वत्सनाभयुक्त रसकल्प ‘अंगदुखीचे औषध’ म्हणून सल्ल्याविना देऊ नयेत. औषधी नियमांतील अनुसूची ई-१ मध्ये वत्सनाभ असून, अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असणे बंधनकारक आहे. निर्मात्याचे नाव व परवाना क्रमांक नसलेली, एका मात्रेत वेदना घालविणारी चूर्णे दुकानात ठेवू नयेत. अशा चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ आढळते. रुग्णाचा चेहरा सुजतो, रक्तशर्करा वाढते, आणि दीर्घकाळ घेतलेले असे औषध एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. असा संशय आल्यास रुग्णास ते स्वतःहून थांबविण्यास न सांगता वैद्यकीय देखरेखीखाली पाठवावे.

भार हा शरीराचा शत्रू नव्हे. मात्रेने दिलेला भार बल वाढवितो, मात्रा सोडलेला भार धातूंचा क्षय करतो. व्यायामशाळेतील तरुण असो वा हंडा वाहणारी भगिनी, ‘किती उचलता आणि कसे उचलता’ हा प्रश्न नाडी पाहण्याइतकाच नित्याचा झाला, तर आपल्या दोन्ही तालुक्यांतील पुष्कळ माना वेळीच सावरतील.