फुकटच्या सिनेमाचा गल्ला

जाल आणि कायदा : लेखांक ७

प्रत काढणं कायद्याने केव्हा चालतं आणि केव्हा चालत नाही, हे मागच्या लेखांकात पाहिलं. आता पैशाचा माग काढू. बघणाऱ्याला सिनेमा फुकट मिळतो, मग तो दाखवणाऱ्याच्या खात्यात रक्कम येते कुठून? आणि रक्कम आली की त्याचा गुन्हा अधिक गंभीर होतो का?

‘मेगाअपलोड’च्या प्रकरणात या दोन्ही प्रश्नांचं बरंचसं उत्तर सापडतं. २००५ मध्ये हाँगकाँगमध्ये सुरू झालेली ही कंपनी वरवर पाहता फाइली साठवून देण्याची सेवा देत होती. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेने तिची संकेतस्थळं ताब्यात घेतली आणि न्यूझीलंडच्या पोलिसांनी ऑकलंडजवळच्या बंगल्यात तिचा संस्थापक किम डॉटकॉम याला अटक केली. आरोपपत्रानुसार कंपनीची कमाई साडेसतरा कोटी डॉलरहून जास्त होती. त्यातले पंधरा कोटींहून अधिक वर्गणीतून आणि अडीच कोटींहून अधिक जाहिरातींतून आले होते.

ही वर्गणी लोक का भरत? आरोपपत्रात याचा तपशील आहे. मेगाव्हिडिओ या भावंड संकेतस्थळावर फुकट बघणाऱ्याचा व्हिडिओ ७२ मिनिटांनी थांबे. घरगुती चित्रफिती बहुधा त्याच्या आत संपतात, पूर्ण लांबीचे चित्रपट सहसा संपत नाहीत. पुढचं पाहायचं तर पैसे भरा. शिवाय ज्यांच्या फाइली जास्त डाउनलोड होत, त्यांना कंपनी अनेक वर्षं रोख बक्षिसं देत होती. निर्मात्याची तक्रार आली की फक्त ती लिंक काढली जाई. मूळ फाइल सर्व्हरवर तशीच राही आणि तिच्या इतर लिंका चालू राहत, असाही आरोप होता. डॉटकॉमने आरोप फेटाळले आहेत. कंपनीतल्या त्याच्या दोन वरिष्ठ सहकाऱ्यांनी मात्र २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या न्यायालयात दोषी असल्याचं कबूल केलं आणि पुढच्या वर्षी दोघांनाही अडीच वर्षांच्या आसपास तुरुंगवासाची शिक्षा झाली.

कायद्याच्या दृष्टीने पैशाचं महत्त्व दोन ठिकाणी आहे. पहिलं, हेतू सिद्ध करताना. २००५ मध्ये ‘ग्रोक्स्टर’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फाइली वाटून घेण्याचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांच्या व्यवसायाची रचनाच तपासली. वापर जितका जास्त तितकं जाहिरातींचं उत्पन्न जास्त, आणि वापर तर बहुतांशी चोरीच्या गाण्या-चित्रपटांचा. इतर पुराव्यांच्या जोडीला न्यायालयाने हाही धागा धरला आणि चोरीला उत्तेजन दिल्याबद्दल कंपन्या जबाबदार ठरू शकतात, असा निर्णय एकमताने दिला.

दुसरं, शिक्षा ठरवताना. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. पण कृत्य धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून किमान मर्यादेच्याही खाली येऊ शकतं. म्हणजे फायदा नव्हता म्हणून गुन्हा पुसला जात नाही, फक्त शिक्षेत सवलत मिळू शकते. ‘मी कुठे पैसे घेतले?’ हा बचाव अनेकांना पुरेसा वाटतो. तो पुरेसा नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये एमआयटीचा एक विद्यार्थी याच मुद्द्यावर फौजदारी खटल्यातून सुटला होता. त्याने सॉफ्टवेअर फुकट वाटलं होतं आणि तेव्हाच्या कायद्याला आर्थिक लाभ दाखवणं आवश्यक होतं. १९९७ मध्ये तिथल्या संसदेने ही पळवाट बंद केली.

आता नीतीकडे वळू, कारण कायद्याने सगळं सुटत नाही. एखादी मराठी कादंबरी वर्षानुवर्षं छापली गेलेली नाही, वाचनालयात ती नाही, कुणीतरी तिची पीडीएफ मित्राला पाठवतो. हे कायद्यात बसत नसलं तरी त्यामागच्या गरजेबद्दल मला सहानुभूती आहे, आणि ती पुस्तकं पुन्हा उपलब्ध करणं ही प्रकाशकांची जबाबदारी आहे. पण टेलिग्रामवर चॅनेल काढून सभासदत्व विकणारा जेव्हा ‘ज्ञान सर्वांसाठी खुलं हवं’ असं म्हणतो, तेव्हा तो त्या मित्राचं समर्थन उसनं घेतो. पैसे देऊ शकणारा वाचक त्याला भेटलेला असतो. ते पैसे लेखकापर्यंत पोचण्याआधी तो मध्येच उचलतो. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायलाही अनेकदा वर्षं लागतात. तिथे असा एकेक वाचक लेखकाला महाग पडतो.

स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका नीतू सिंग यांची पुस्तकं आणि व्याख्यानं अशाच चॅनेलांवर फिरत होती. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती चालवणाऱ्यांचा तपशील सादर करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला. वापरकर्त्यांची गोपनीयता आणि परदेशातले सर्व्हर ही कारणं न्यायालयाने मानली नाहीत. पुण्यात अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करणाऱ्यांनी हा आदेश समजून घ्यावा. नोट्सची पीडीएफ पुढे ढकलणारा आणि ती विकणारा दोघेही कायद्याच्या कक्षेत आहेत. विकणाऱ्याला मात्र सवलत मागायलाही जागा उरत नाही.

कारवाईच्या बाजूलाही हिशेब द्यावा लागतो. मेगाअपलोड बंद झालं तेव्हा स्वतःच्या मालकीच्या फाइली तिथे ठेवणारे निरपराध लोकही त्यांना मुकले. चोराची तिजोरी जप्त करताना दुसऱ्याची ठेव बुडू नये, ही काळजी तपासयंत्रणांनी घ्यायलाच हवी.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. कृती सर्वांपर्यंत पोचावी का, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. ज्याने ती घडवण्यात काही घातलं नाही आणि घडवणाऱ्याला विचारलंही नाही, त्याने तिच्यावर कमवावं का, या प्रश्नावर मला दुसरी बाजू सापडत नाही.

पुढच्या लेखांकात : एक साइट बंद केली की दुसऱ्या नावाने उगवते. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये काढलेला तोडगा आणि त्यातले धोके.