टेनिसची पहिली रॅकेट : शाळेसाठी निवड कशी करावी ?

टेनिसचा चेंडू आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक मुलास परिचित आहे. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरील गावोगावी त्याच चेंडूने क्रिकेटचे सामने रंगतात. परंतु ज्या खेळासाठी तो चेंडू मूलतः निर्माण झाला, त्या खेळाची रॅकेट आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी हाती धरलेली नसते. समग्र शिक्षा योजनेखाली क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेस वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत व उच्च प्राथमिक शाळेस १०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. या रकमेतून रॅकेट घेण्याचा विचार जे शिक्षक करीत असतील, त्यांच्यासाठी प्रस्तुत विवेचन आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पुस्तक कठीण गेले तर मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा ते उघडते, कारण शाळा त्यास उघडावयास लावते. खेळाचे तसे नाही. पहिल्या दिवशी दहा चेंडूंपैकी एकही नीट लागला नाही, तर मूल रॅकेट खाली ठेवते आणि ‘हे आपल्याला जमणारे नव्हे’ असा निष्कर्ष मनाशी काढते. शहरातील मुलास दुसरी रॅकेट व दुसरे क्रीडांगण मिळू शकते. खेड्यातील मुलास, विशेषतः मुलीस, दुसरी संधी क्वचितच लाभते. म्हणून दोष मुलाच्या हाताचा की रॅकेटच्या मापाचा, हे ठरविण्याचे उत्तरदायित्व शिक्षकाचे आहे.

लांबी

प्रौढांची रॅकेट साधारणतः २७ इंच, म्हणजे सुमारे ६९ सेंटिमीटर लांब असते. ‘मुले वाढतील, म्हणून मोठीच घ्यावी’ हा विचार कपड्यांच्या बाबतीत क्षम्य असेल. येथे तो घातक होय. याचे कारण मच्छीमारांच्या मुलांस चटकन समजेल. वल्हे मध्यावर धरून उचलले तर हलके वाटते; तेच एका टोकाशी धरून आडवे उचलले तर हात भरून येतो. वजन तेच, परंतु भार हातापासून दूर गेला. रॅकेटचेही तसेच आहे. लांबी वाढली की मनगटावरील ताण वाढतो, आणि मूल तो सावरण्यासाठी मूठ सोडून दांडा मध्येच धरू लागते. ही चुकीची पकड पुढे सुटता सुटत नाही.

मापे स्थूलमानाने पुढीलप्रमाणे समजावीत :

उंची ११२ सेंटिमीटरपर्यंत : २१ इंची रॅकेट
उंची ११३ ते १२४ सेंटिमीटर : २३ इंची
उंची १२५ ते १४० सेंटिमीटर : २५ इंची
त्याहून अधिक : २६ इंची, व सुमारे १५० सेंटिमीटरनंतर २७ इंची

विद्यार्थ्यांची उंची आपल्या प्रगतिपुस्तकांत नोंदलेली असतेच. खरेदीपूर्वी ती पाहून कोणत्या गटात किती मुले आहेत याची यादी करावी. पट्टी हाताशी नसेल तर सोपी कसोटी अशी : मुलाने ताठ उभे राहून हात सरळ खाली सोडावा व रॅकेट पायालगत धरावी. तिचे टोक जमिनीस जेमतेम टेकले तर माप योग्य. रॅकेट जमिनीवर रेलून हाताचे कोपर वाकले तर ती लांब आहे.

मूठ व वजन

मुलाने रॅकेट नेहमीप्रमाणे धरल्यावर बोटांची टोके व तळहाताचा मऊ उंचवटा यांमधील फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी सहज बसावी. ती शिरत नसेल तर मूठ बारीक आहे. वरून पकडपट्टी गुंडाळून ती वाढविता येते. फट बोटाहून मोठी राहिली तर मूठ जाड आहे, आणि जाड मूठ कमी करता येत नाही. संशय असल्यास बारीक मूठ घ्यावी ती याचसाठी.

वजनाची कसोटी दुकानातच घेता येते. मुलाने हात पुढे सरळ करून रॅकेट आडवी धरावी व वीस अंक मोजावेत. टोक खाली झुकू लागले तर ती रॅकेट त्याच्यासाठी नव्हे.

चौकट व तारा

पूर्वी रॅकेटी लाकडी असत व त्यांचा तारांचा भाग लहान असे. १९७६ साली मोठ्या तोंडाची अ‍ॅल्युमिनियमची रॅकेट बाजारात आली आणि नवशिक्यांची मोठी सोय झाली. तारांचा भाग रुंद असला म्हणजे चेंडू मध्यापासून थोडा बाजूस लागला तरी रॅकेट हातात फारशी पिळवटत नाही. म्हणून मुलांसाठी रुंद तोंडाची अ‍ॅल्युमिनियमची रॅकेट पुरेशी आहे. ग्रॅफाइटच्या महाग रॅकेटीचा लाभ हात तयार झाल्यावरच होतो. तारा नायलॉनच्या असाव्यात. आतड्यांच्या तारा आपल्या दमट हवेत टिकत नाहीत. तार तुटल्यास गळाचा तंगूस बांधून काम भागवू नये. ताण असमान होतो व चेंडू कोठेही जातो.

रॅकेटीस साजेसा चेंडू

रॅकेट योग्य असूनही चेंडू अयोग्य असेल तर श्रम वाया जातात. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत मंद चेंडूच वापरण्याचा नियम केला. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूहून सुमारे ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के व हिरवी खूण असलेला २५ टक्के मंद असतो. प्रारंभ लाल चेंडूने करावा. क्रिकेटसाठी विकले जाणारे जड टेनिस चेंडू मात्र लहान रॅकेटवर वापरू नयेत. त्यांनी मनगट दुखावते.

लाल चेंडूसाठी सुमारे ११ मीटर लांब व साडेपाच मीटर रुंद अंगण पुरते. वाळूवर चेंडू उसळत नाही, म्हणून चोपलेली जमीन किंवा सिमेंटचे अंगण निवडावे. दोन पोफळीच्या खांबांमध्ये जुन्या जाळ्याचा बारीक आसाचा तुकडा सुमारे ८० सेंटिमीटर उंचीवर ताणला की काम झाले. त्यासाठी वेगळा खर्च नको.

खरेदी व निगा

प्रत्येक मुलास एक रॅकेट देणे अशक्य आहे व आवश्यकही नाही. एक मूल चेंडू टाकील, दुसरे परतवील, तिसरे मोजील. यादीप्रमाणे दोन किंवा तीन मापांच्या थोड्याच रॅकेटी घ्याव्यात. खेळानंतर त्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, कारण खारा वारा तारांच्या भोकांतील पट्टीस व मुठीस लवकर खातो. पावसाळ्यात त्या भिंतीस टेकवून न ठेवता कपाटात टांगाव्यात.

एवढा खटाटोप शाळेने का करावा, अशी शंका कोणी घेईल. १९३३ साली सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आरंभी टेनिस खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभूत झाल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले, आणि १९५६ साली परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. चेंडूवर नजर ठेवण्याची व वेळ साधण्याची सवय एका खेळापुरती मर्यादित राहत नाही, हेच यावरून दिसते. आपल्या शाळेतून सारेच विजेते निघणार नाहीत, व तशी अपेक्षाही नको. परंतु माप चुकल्यामुळे एकाही मुलाने रॅकेट खाली ठेवू नये, एवढे आपल्या हाती निश्चित आहे. तरी चालू वर्षीच्या साहित्याची मागणी नोंदविण्यापूर्वी उंचीची यादी अवश्य तयार करावी.